भाड्याची खोली

नांदेड जिल्ह्यातल्या आमच्या हदगावहून बाहेर पडायच्या वाटा पूर्वीपासून ठरलेल्या आहेत. उत्तरेला पैनगंगा ओलांडली की विदर्भ लागतो, उमरखेडवरून यवतमाळ आणि पुढे नागपूर. दक्षिणेला वारंगाफाटा, अर्धापूर आणि नांदेड. शिकायला जायचं असो की पोटाला, माणूस आधी नांदेडला जायचा. तिथून छोट्या रुळाच्या गाडीनं मनमाड, मनमाडला पहाटे गाडी बदलायची आणि बोचकं डोक्यावर घेऊन मुंबईच्या गाडीत शिरायचं. मोठे रूळ येईपर्यंत आमच्याकडच्या किती तरी माणसांनी मुंबई पहिल्यांदा पाहिली ती अशी, मनमाडच्या फलाटावर अर्धी रात्र काढून.

आमच्या तालुक्याच्या दृष्टीनं मुंबई हे तसं उशिरा आलेलं शहर. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात होतो आणि आमचं मोठं शहर म्हणजे हैदराबाद. कज्जा असो, नोकरी असो, मोठा दवाखाना असो, तोंड तिकडे. 1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि एका दिवसात आमची राजधानी बदलली. त्याच्या अठराच दिवस आधी, 14 ऑक्टोबर 1956 ला, नागपुरात बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. म्हणजे हदगावच्या गावकुसाबाहेरच्या माणसासाठी त्या एका महिन्यात दोन दारं उघडली. एक नागपूरकडे, दुसरं मुंबईकडे. पहिल्या दारानं जुना धर्म सोडता येत होता. दुसऱ्यातून गेलं की जातही सुटते, असं सगळेच म्हणत होते.

हे म्हणणं निराधार नव्हतं. हैदराबाद संस्थान भारतात आल्यावर दीडच महिन्यानं, 4 नोव्हेंबर 1948 ला, संविधानसभेत मसुदा मांडताना बाबासाहेबांनी खेड्याविषयी फार कठोर शब्द वापरले होते. खेडं म्हणजे संकुचितपणाचं आणि अज्ञानाचं डबकं, असा त्यांचा निवाडा होता. ज्या समाजाला पाणवठा, देऊळ आणि रस्ता बंद होता त्या समाजाला त्यांनी सांगितलं की गाव सोडा, शिका, शहराकडे जा. शहरात कुणी कुणाला ओळखत नाही. कारखान्याच्या भोंग्याला जात कळत नाही. चाळीच्या नळावर ज्याचा नंबर पहिला त्याची बादली पहिली.

या आश्वासनाची खरी तपासणी मराठीत एका कथासंग्रहानं केली. बाबुराव बागूल यांचं 'जेव्हा मी जात चोरली होती' हे पुस्तक 1963 मध्ये आलं. मराठीतल्या शहरी वास्तवाच्या कथांमध्ये मी ते पहिल्या जागी ठेवतो, आणि का ठेवतो ते सांगण्यासाठी हा लेख आहे.

बागूल आमच्या भागातले नव्हेत. त्यांचा जन्म 17 जुलै 1930 चा, नाशिकजवळच्या विहितगावचा. दहा वर्षांच्या आसपासचं पोर असताना ते मुंबईला मावशीकडे आले आणि माटुंग्याच्या लेबर कॅम्पात वाढले. नावच पाहा. चाळ नाही, वाडी नाही, कॅम्प. म्हणजे मुक्काम टाकलेली माणसं. धारावीला लागून असलेल्या या वस्तीत महानगरपालिकेचे झाडूवाले, गटारात उतरणारे, गिरण्यांत आणि गोदीत राबणारे, जातीनं गावाबाहेर राहिलेले आणि शहरातही एका कडेला येऊन थांबलेले लोक राहत. शहर रोज सकाळी उठून स्वच्छ दिसायचं ते यांच्या हातांमुळे.

पण लेबर कॅम्प ही नुसती दुःखाची जागा समजू नये. मुंबईत जे काही नवं पेटत होतं त्यातलं पुष्कळ याच वस्तीत पेटत होतं. एका बाजूला आंबेडकरी चळवळीच्या सभा आणि जलसे, दुसऱ्या बाजूला कम्युनिस्टांचा लाल बावटा. अण्णाभाऊ साठे इथे वावरले, अमर शेख यांचा आवाज इथे घुमला. वाटेगावहून आलेल्या, शाळेत जेमतेम पाऊल टाकलेल्या अण्णाभाऊंनी पोवाडे, लावण्या, कथा, कादंबऱ्या लिहिल्या त्या अशाच वस्त्यांतून राहून. 2 मार्च 1958 ला मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं, त्याचं उद्घाटन अण्णाभाऊंनीच केलं. त्यांची 'स्मशानातील सोनं' ही कथा ज्यानं वाचली आहे तो मुंबईच्या उपनगरांकडे पुन्हा पूर्वीच्या नजरेनं पाहू शकत नाही. खाणीतलं काम गेलेला एक धडधाकट माणूस रात्री मसणवटीत जातो आणि मेलेल्यांच्या राखेतून सोनं शोधतो. भूक माणसाला कुठवर नेते हे दाखवायला अण्णाभाऊंना भाष्य करावं लागलं नाही. त्यांनी फक्त त्याच्यामागून स्मशानापर्यंत चालत जायचं ठरवलं.

बागूल या हवेत मॅट्रिकपर्यंत शिकले. एका हातात मार्क्स आणि दुसऱ्या हातात आंबेडकर घेऊन वाचणारी पोरं त्या काळी लेबर कॅम्पात होती, बागूल त्यांतले एक. मिळेल ती नोकरी केली. मग रेल्वेत काम लागलं आणि ते सुरतेला गेले.

सुरतेत त्यांना राहायला खोली मिळेना. नोकरी सरकारी, पगार ठरलेला, माणूस शिकलेला, पण जात सांगितली की दार बंद. म्हणून त्यांनी जात लपवली आणि खोली मिळवली. पण लपवून जगणं त्यांना सोसेना. नोकरी सोडून ते मुंबईला परतले आणि लिहू लागले. मराठी कथेतला एक मोठा टप्पा असा भाड्याच्या एका खोलीपासून सुरू झाला.

संग्रहाला ज्या कथेचं नाव आहे ती याच अनुभवातून आलेली. कथेतला 'मी' मुंबईहून गुजरातेत रेल्वेच्या कामावर रुजू व्हायला जातो. तरुण आहे, उत्साहानं भरलेला आहे, नव्या देशाचा नवा कामगार आहे. पोचल्या पोचल्या तिथला एक माणूस त्याला जात विचारतो. तो भडकतो. आपण कोण हे सांगताना तो जातीच्या जागी मुंबईचं नाव पुढे करतो. आपण मुंबईकर, अन्यायाशी झगडणारे, अशा थाटाचं त्याचं उत्तर आहे.

कथेतली ही जागा मी दर वेळी थांबून वाचतो. शहर हीच माझी जात, असं तो तरुण म्हणू पाहतो. बाबासाहेबांनी शहराविषयी जी आशा बाळगली होती तिचं याहून सुंदर आणि याहून कच्चं रूप मराठीत मला दुसरीकडे सापडलेलं नाही. त्याचा आवाज खणखणीत आहे म्हणून समोरचा माणूस नमतो, त्याला उच्चवर्णीय समजतो, माफी मागतो. इथेच चोरीला सुरुवात होते. त्यानं खोटं सांगितलेलं नाही, फक्त खरं सांगितलेलं नाही. बाकीचं समोरच्यानं स्वतःच्या मनानं भरून घेतलं.

पुढे रामचरण तिवारी नावाच्या सहकाऱ्याच्या घरात त्याला जागा मिळते. मान मिळतो, कविता म्हणायला लावतात, घरची बाई प्रेमानं वाढते. हे सगळं बागूल ज्या बारकाव्यानं लिहितात ते पाहण्यासारखं आहे. त्या घरातली माणसं वाईट नाहीत. त्यांची माया खरी आहे. जितकी माया वाढते तितकी त्या तरुणाची छाती दडपते, कारण ही माया आपल्यासाठी नाही, आपण ज्याचं सोंग घेतलं आहे त्या माणसासाठी आहे, हे त्याला कळतं आहे. दुष्टाशी भांडता येतं. ताटात प्रेमानं वाढणाऱ्याशी कसं भांडायचं?

त्याच्यासमोर बागुलांनी काशिनाथ सपकाळ उभा केला आहे. तोही त्याच जातीचा, त्याच कामावर आलेला. पण हा जात लपवत नाही. विचारलं की सांगतो आणि सांगताना भांडायच्या तयारीत असतो. एक जण शहाणपणानं गप्प आहे, दुसरा उघड आणि पेटलेला. अस्पृश्यतेशी वागण्याच्या या दोन रीती त्या पिढीतल्या जवळजवळ प्रत्येक शिकलेल्या दलित तरुणाच्या मनात एकमेकींशी झगडत होत्या. कथा त्यांतल्या कुणा एकाला चूक ठरवत नाही. शेवटी जात उघडी पडते, लपवणाऱ्याला मार बसतो आणि त्याला सोडवायला धावून येतो तो काशिनाथ. इतका मार का सोसलास, या त्याच्या प्रश्नावर तरुण जे उत्तर देतो त्यात मारणाऱ्यांचं नाव नाही. तो मनूचं नाव घेतो.

रागाला वर उचलून विचाराच्या जागी ठेवायचं, हे काम या उत्तरानं केलं. तिवारी हा गुन्हेगार नाही, तोही एका जुन्या कायद्यानं बांधलेला माणूस आहे, हे मार खाल्लेल्यानं म्हणावं याला फार मोठं काळीज लागतं. आणि हे लिहिणारा माणूस तेव्हा जेमतेम तिशी ओलांडलेला होता.

संग्रहातल्या इतर कथा याच शहराच्या आतल्या गल्ल्यांत उतरतात. 'विद्रोह'मध्ये शिकलेला जय आहे. बाप मैला उचलतो आणि बापाचं काम पोरानं पुढे चालवावं असं घराला वाटतं, कारण ती पक्की नोकरी आहे. भुकेल्या घराच्या दृष्टीनं पालिकेची पक्की नोकरी म्हणजे काय असते हे ज्याला माहीत आहे त्यालाच या कथेतला पेच कळेल. आईबाप दुष्ट म्हणून आग्रह धरत नाहीत, उद्याच्या भाकरीसाठी धरतात. गावानं जातीप्रमाणे काम वाटून दिलं होतं. शहरानं तेच काम पगार लावून पुन्हा त्याच माणसाच्या हाती दिलं. 'आई'मध्ये एक विधवा आहे, तिचं वाढतं पोर आहे, आणि आजूबाजूची वस्ती त्या बाईकडे ज्या नजरेनं पाहते ती नजर हळूहळू पोराच्या डोळ्यांत उतरते. आईवर संशय घेणारा मुलगा मराठी कथेत याआधी कुणी असा आणला नव्हता. आमच्याकडे आई म्हटलं की ओवीच सुचते. बागुलांनी ओवीच्या जागी एक थकलेली, तरुण, एकटी बाई आणून बसवली आणि तिलाही भूक आहे, देह आहे, असं सांगितलं. 'वाटेवरची', 'गुंड', 'काळोखाचे कैदी' या कथांतली माणसंही अशीच, ज्यांना सभ्य घरांच्या कथेत फक्त कोपऱ्यात उभं राहता येत होतं.

त्या आधीची मराठी शहरी कथा दुबळी होती असं कुणी समजू नये. गंगाधर गाडगीळ आणि अरविंद गोखले यांनी चाळीतल्या, कचेरीतल्या, लोकलमधल्या माणसाच्या मनाचे पापुद्रे उलगडून दाखवले होते. व्यंकटेश माडगूळकरांनी माणदेशातली उपाशी माणसं उभी केली होती. नवकथेनं मराठी वाचकाला कथेत घटनेपेक्षा मन शोधायला शिकवलं. पण त्या मनाला खोली होती. राहायला जागा आहे, हे त्या कथांत गृहीत धरलेलं असतं. बागुलांच्या कथेत तेच गृहीत नाही. योगायोग असा की जयवंत दळवींची 'चक्र' ही झोपडपट्टीवरची कादंबरीही 1963 चीच. दळवींची सहानुभूती खरी आहे आणि नजर तीक्ष्ण आहे. तरी दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचली की फरक जाणवतो. एकात झोपडपट्टी पाहिलेली आहे, दुसऱ्यात ती आतून बोलते. बागुलांची वाक्यं धापा टाकतात, कधी फार उंच आवाजात बोलतात, विशेषणांचे ढीग लावतात. कथेचे काटेकोर हिशेब मांडणाऱ्या समीक्षकांनी त्याला दोष म्हटलं तर मी भांडणार नाही. पण जळत्या घरातला माणूस बेताच्या आवाजात बोलेल ही अपेक्षाच मला पटत नाही.

जगाच्या साहित्यात शहराच्या कथांचा संग्रह म्हटलं की जेम्स जॉइस यांच्या 'डब्लिनर्स'चं नाव निघतं. पंधरा कथा, सगळ्या डब्लिन शहराच्या, आणि सगळ्या साध्या, हरलेल्या, अडकून पडलेल्या माणसांच्या. जॉइस यांनी हस्तलिखित 1905 मध्ये प्रकाशकाकडे दिलं आणि पुस्तक हाती यायला 1914 उजाडलं. मजकूर बदला, खऱ्या जागांची नावं काढा, अमुक शब्द गाळा, असे आक्षेप नऊ वर्षं येत राहिले. जॉइस यांना आपल्या शहराला आरसा दाखवायचा होता आणि तो त्यांनी परदेशात राहून धरला. बागुलांना दूर जाऊन लिहिण्याची सोय नव्हती. आणखी एक फरक मला मोलाचा वाटतो. डब्लिनची माणसं शहरात अडकली आहेत, त्यांना बाहेर पडायचं आहे आणि पाय उचलत नाही. बागुलांची माणसं शहरात शिरायला धडपडताहेत, आणि शहर त्यांना उंबऱ्यावरच आडनाव विचारतं.

हे पुस्तक आमच्या भागात पोचलं ते औरंगाबादच्या वाटेनं. बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे 1950 मध्ये औरंगाबादला महाविद्यालय काढलं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झालं. मराठवाड्यासारख्या मागे ठेवलेल्या मुलखात, आणि त्यातही सगळ्यांत मागे ठेवलेल्या समाजासाठी, हे कॉलेज म्हणजे विहीर लागल्यासारखं होतं. नांदेड, परभणी, बीड, उस्मानाबादच्या खेड्यांतली पोरं ट्रंक घेऊन नागसेनवनात, म्हणजे या कॉलेजच्या परिसरात, येत. घरात पहिल्यांदाच कुणी शाळा ओलांडलेली. वसतिगृहात जेवणाची सोय होती, झाडाखाली बसून वाचायला मोकळीक होती, आणि मुख्य म्हणजे तिथे जात चोरावी लागत नव्हती. ज्या वयात बागुलांचा नायक गुजरातेत खोलीसाठी तोंड लपवत होता त्या वयात ही पोरं नाव सांगून एका छपराखाली राहत होती. खोलीचा प्रश्न बाबासाहेबांना किती खोलवर कळला होता हे नागसेनवनात गेल्यावर समजतं. वर्गखोल्यांइतकीच वसतिगृहं त्यांना महत्त्वाची होती.

इथेच 1960 नंतरच्या दशकात दलित साहित्याच्या चर्चेला आकार आला. म. ना. वानखडे अमेरिकेत शिकून आले होते, तिथल्या काळ्या लेखकांच्या लेखनाशी आपल्या लेखनाची तुलना ते पोरांसमोर मांडत. गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मिता' आणि पुढे 'अस्मितादर्श' हे त्रैमासिक चालवलं. आडगावच्या प्राथमिक शिक्षकाची पहिली कविता आणि मुंबईच्या नामवंताचा लेख त्यात शेजारी छापून येई. अनंत भालेराव यांच्या 'मराठवाडा' दैनिकाच्या दिवाळी अंकानं 1969 मध्ये दलित साहित्यावर चर्चा घडवली. म्हणजे कथा मुंबईच्या लेबर कॅम्पात जन्मली आणि तिच्यावरचा विचार औरंगाबादेत उभा राहिला. हे मराठवाड्यानं अभिमानानं सांगावं. लातूर भागातले प्र. ई. सोनकांबळे औरंगाबादेतच शिकवत आणि त्यांचं 'आठवणींचे पक्षी' हे आत्मकथन 1979 मध्ये आलं. नांदेडचे दत्ता भगत यांनी 'वाटा पळवाटा' हे नाटक लिहिलं, त्यात शिकून शहरात आलेला दलित प्राध्यापक आपल्या घराचं आणि आपल्या माणसांचं काय करायचं या पेचात उभा आहे. सुरतेतल्या त्या खोलीचा प्रश्न पुढच्या पिढीत असा वळला. खोली मिळाली, आता दार कुणासाठी उघडं ठेवायचं?

बागुलांचं लेखन चालू होतं. 1969 मध्ये 'मरण स्वस्त होत आहे' हा दुसरा कथासंग्रह आला, 1970 मध्ये 'सूड' ही कादंबरी आली. 1972 मध्ये महाडच्या दलित साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर ही तरुणांची संघटना उभी राहिली आणि नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' हा कवितासंग्रह आला. या सगळ्या तरुणांनी बागूल वाचले होते. पँथरच्या संतापामागे जी प्रकरणं होती त्यांत एक आमच्या शेजारच्या परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावचं होतं. तिथे दलित बायकांची विटंबना झाली होती. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी पँथरच्या राजा ढाले यांनी 'साधना' साप्ताहिकात जो लेख लिहिला आणि ज्यानं महाराष्ट्र हादरला, त्यात या प्रकरणाचा दाखला होता. मुंबईची पोरं मराठवाड्यातल्या गावासाठी रस्त्यावर आली.

त्याच वर्षी पाऊस गेला. 1972 चा दुष्काळ आमच्याकडे अजून वर्ष म्हणून नाही, माणसासारखा आठवला जातो. बहात्तर साली असं म्हटलं की म्हातारी माणसं क्षणभर गप्प होतात. सुकडी, लाल मिलो, खडी फोडायची कामं. आणि ज्यांना तेही पुरलं नाही त्यांनी मनमाडची गाडी धरली. मुंबईच्या कडेकडेनं जी झोपडी वाढली तिच्यात मराठवाड्याचा वाटा मोठा आहे. त्यांतले बहुतेक जण बागुलांचं नाव ऐकूनही नव्हते, पण ते ज्या कथेत राहायला गेले ती नऊ वर्षांपूर्वीच लिहून झाली होती.

मग 1978 आलं. 27 जुलैला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. नांदेड आणि परभणी जिल्ह्यांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जाळली गेली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे यांना ठार मारण्यात आलं. वस्त्यांतली माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी गाव सोडून तालुक्याच्या, जिल्ह्याच्या ठिकाणी आली. पुन्हा गावातून शहराकडे. बाबासाहेबांनी तीस वर्षांपूर्वी खेड्याविषयी जे म्हटलं होतं ते त्यांच्या नावाच्या निमित्तानंच आमच्या जिल्ह्यानं खरं करून दाखवलं. हे लिहिताना मला लाज वाटते आणि ती लपवायचं मला कारण दिसत नाही. पुढे सोळा वर्षं तो प्रश्न लोंबकळत राहिला. नोव्हेंबर 1993 मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी स्वतःला जाळून घेतलं. 14 जानेवारी 1994 ला विद्यापीठाचा नामविस्तार झाला. नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ त्याच वर्षी, 17 सप्टेंबरला, उभं राहिलं. आज हदगावची पोरं ज्या विद्यापीठाची पदवी घेतात ते हे.

मी नांदेडला शिकायला गेलो तेव्हा आमच्या तालुक्यातला एक मित्र सोबत होता. दोघांनी मिळून खोली शोधायची असं ठरवलं होतं. एका गल्लीत खोली पसंत पडली. भाडं परवडणारं, नळ अंगणात, घरमालकीण बोलायला मायाळू. तिनं आधी माझं आडनाव विचारलं, मग त्याचं. त्याचं ऐकल्यावर म्हणाली, "खोली तशी एकालाच पुरंल बाळा, दोघांची अडचण व्हईल." मी त्या वेळी काही बोललो नाही. मित्रच म्हणाला, तू ऱ्हा, मी दुसरी बघतो. मी राहिलो. त्याला पुढे त्याच्याच समाजाच्या वस्तीत, स्टेशनापासून लांब जागा मिळाली. काही महिन्यांनी वाचनालयात बागुलांचं पुस्तक हातात आलं. तिवारीच्या घरातल्या त्या जेवणाच्या ताटापर्यंत आलो आणि पुस्तक मिटलं. त्या कथेत मी कुणाच्या जागी आहे हे मला कळलं होतं. मी मारणाऱ्यांत नव्हतो, हे खरं. पण खोली माझ्याकडे होती.

म्हणूनच हे पुस्तक साठ वर्षांनंतरही जुनं झालेलं नाही असं मी म्हणतो. 2018 मध्ये जेरी पिंटो यांनी ते इंग्रजीत नेलं, बाहेरच्या वाचकांना ते आता माहीत झालं आहे. बागुलांना 2007 मध्ये जनस्थान पुरस्कार मिळाला आणि 26 मार्च 2008 ला नाशिकमध्ये त्यांचं निधन झालं. मराठीत त्यांच्यानंतर मुंबईच्या कथा लिहिणारे समर्थ लेखक झाले. जयंत पवारांनी गिरण्या बंद पडल्यानंतरचं शहर 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर'मध्ये ज्या ताकदीनं उभं केलं त्याला तोड नाही, 2012 चा साहित्य अकादमी पुरस्कार त्या संग्रहाला मिळाला. पण शहराच्या दाराशी उभं राहून आडनाव सांगावं की सांगू नये या क्षणाची कथा बागुलांचीच.

जून लागला की हदगाव, तामसा, निवघ्याची पोरं खोली शोधायला नांदेडला येतील. काही औरंगाबादला, काही पुण्याला जातील. ज्यांच्याकडे द्यायला खोली आहे त्यांनी भाडं सांगावं, अनामत सांगावी, नळाला पाणी किती वाजता येतं ते सांगावं, आणि आडनाव भाडेकराराच्या कागदावर येईल तेव्हा वाचावं. आणि दोन पोरं मिळून खोली बघायला आली असतील, त्यांतल्या एकालाच जागा देऊ केली, तर ज्याला मिळाली त्यानं माझ्यासारखं गप्प बसून आत जाऊ नये. दोघांनी मिळून पुढचं दार वाजवावं.